नायिका दगा देते, तरी आपण तिच्याच बाजूने का असतो?

एक कथानक समजा. ऋतुजा सतरा वर्षांची, राहायला ऐरोलीत, बारावी सायन्सला. रोज संध्याकाळी ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला उतरते आणि नौपाड्यातल्या क्लासला जाते. ओंकारशी तिचं दहावीपासून जमलेलं आहे. तो नीटच्या तयारीसाठी लातूरला गेलाय आणि होस्टेलवर त्याला मोबाइल फक्त रविवारी मिळतो. इकडे क्लासमध्ये तन्मय भेटतो. आधी नोट्सची देवाणघेवाण, मग मासुंदा तलावाभोवती एक फेरी, मग दिवाळी पहाटेला राम मारुती रोडच्या गर्दीत हातात हात. ओंकारला यातलं काहीच माहीत नाही. शेवटचं पान उलटताना मात्र वाचक ऋतुजाच्या बाजूने उभा असतो.

हीच गोष्ट शेजारच्या विंगमधल्या मुलीबद्दल कानावर आली असती, तर दोन वाक्यांत निकाल लागला असता. कादंबरीत तो लागत नाही, कारण लेखकाने काही ठरावीक गोष्टी ठरावीक जागी केलेल्या असतात. त्या ओळखता येतात, मोजताही येतात. किशोरवयीन वाचकांसाठीच्या कथा-कादंबऱ्यांत प्रतारणा आली की पालक बहुधा एकच विचारतात, ‘यातून मुलं काय शिकतील?’ प्रश्न रास्त आहे, पण उशिराचा. त्याआधी विचारायचं ते हे: ऋतुजाला मिळालेली सहानुभूती लेखकाने कोणाच्या वाट्याची कापून दिली?

कारण कादंबरीत सहानुभूती ही बरीचशी जागेची बाब असते. ज्याच्या डोक्यात आपण दोनशे पानं राहतो, त्याची कारणं आपल्याला पटू लागतात. ज्याला सहा पानं मिळतात, तो अडथळा वाटतो. म्हणून दगा देणाऱ्या पात्राबद्दल कणव वाटली, एवढ्यावरून पुस्तक बिघडलेलं ठरत नाही. ज्याला दगा दिला, तो त्या पुस्तकात माणूस म्हणून उरला की नाही, यावर ते ठरतं.

वचन कोणत्या पानावर आहे?

मोठ्यांच्या कादंबरीत सीमारेषा आयती मिळते. लग्न झालेलं असतं, ते मोडलं की प्रतारणा. सोळा-सतराव्या वर्षी असं काही नसतं. ‘आपण रिलेशनशिपमध्ये आहोत’ हे कधी उच्चारलेलं असतं, कधी नुसतं गृहीत धरलेलं, कधी एकानेच गृहीत धरलेलं. त्यामुळे या वयाच्या गोष्टीत रेषा पुस्तकालाच आखावी लागते. ऋतुजा आणि ओंकार एकमेकांना काय म्हणाले होते, कुठे, कोणत्या शब्दांत, हे दाखवणारा प्रसंग पुस्तकात असायला हवा. तो नसेल तर वाचकाला दगा जाणवतच नाही. मुलीचे दोन मित्र आहेत, एवढंच दिसतं, आणि मग पुढचा सगळा अपराधभाव उसना वाटतो.

नवख्या हस्तलिखितांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. लेखकाला तन्मयपर्यंत पोचायची घाई असते, म्हणून ओंकार ‘दोन वर्षांपासूनचा बॉयफ्रेंड’ या एका ओळीत उरकला जातो. साठ हजार शब्दांची कादंबरी धरली, तर आमचा ठोकताळा असा: पहिल्या सहा-सात हजार शब्दांत ओंकारचे किमान दोन पूर्ण प्रसंग यावेत, तन्मयच्या आधी यावेत, आणि त्यातल्या एकात तरी तो वाचकाला हसवून जावा. हसवणारं पात्र वाचक सहजासहजी टाकून देत नाही. मग पुढे ऋतुजाने त्याला फसवलं की वाचकालाही ते लागतं.

किशोर-कादंबरीत प्रतारणा साधारण तीन जागांवरून येते. नायक किंवा नायिका स्वतः दगा देते, ऋतुजासारखी. दुसऱ्या प्रकारात ती तिसरी व्यक्ती असते: आवडलेल्या मुलाला आधीच मैत्रीण आहे हे तिला माहीत असतं, तरी ती मागे फिरत नाही. आणि तिसऱ्यात आई किंवा बाबांचं बाहेर काही चालू आहे हे मुलाला कळतं. तिन्हींची यंत्रणा वेगळी आहे. तिसरीबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण तिथे सर्वांत जास्त बिघडतं.

आवड आधी, न्याय नंतर

माध्यमांच्या मानसशास्त्रात डॉल्फ झिलमन यांची एक मांडणी प्रसिद्ध आहे. पात्र नैतिकदृष्ट्या कसं वागतं यावरून प्रेक्षक-वाचक त्याच्याबद्दल मत बनवत जातो आणि चांगल्याचं चांगलं व्हावं असं त्याला वाटत राहतं, असं ती सांगते. आर्थर रेनी यांनी २००४ मध्ये त्यात एक महत्त्वाची भर घातली. बरेचदा क्रम उलटा असतो, असं त्यांचं म्हणणं. पात्र आधी आवडतं, आणि एकदा आवडलं की त्याच्या वागण्याला आपण सवलत देत जातो. ऋतुजा पहिल्या पानावर आजीच्या गोळ्यांचा डबा भरताना दिसली, की दीडशेव्या पानावरचा तिचा खोटेपणा आपण हलक्या हाताने तपासतो. लेखकांना हे कोणी शिकवावं लागत नाही, ते उपजत येतं. वाचकाला मात्र शिकवावं लागतं.

दुसरी गोष्ट गुंगून जाण्याची. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० साली दाखवलं की गोष्टीत पूर्ण शिरलेला वाचक तिच्यात खोट कमी काढतो आणि गोष्टीशी जुळणारी मतं सहज स्वीकारतो. आता मी-निवेदन, वर्तमानकाळ आणि छोटी प्रकरणं हा किशोर-कादंबरीचा नेहमीचा बाज पाहा. वाचक त्यात शिरावा म्हणूनच तो घडवलेला असतो. ‘मी उतरते. तो उभा आहे.’ या निवेदनात पश्चातबुद्धीला जागाच नाही. पुढे काय होणार हे निवेदिकेलाही ठाऊक नाही, त्यामुळे ती स्वतःला न्याय लावू शकत नाही. तो न्याय कुठून तरी दुसरीकडून यायला लागतो: मैत्रिणीच्या एका प्रश्नातून, न उचललेल्या फोनमधून, खोटं सांगताना जास्तीच्या दिलेल्या तपशिलातून. भूतकाळात लिहिलं तर जाणती झालेली ऋतुजा मागे वळून बोलू शकते, पण मग ती प्रवचन करायला लागण्याचा धोका. आमचा कल भूतकाळाकडे आहे. मराठीत दोनशे पानं वर्तमानकाळ कानाला थकवतो.

पात्राची सबब आणि लेखकाची सबब

या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने, माणूस स्वतःच्याच नीतीला बगल कशी देतो याचे आठ मार्ग सांगितले आहेत. त्यांचा रोख प्रामुख्याने हिंसा आणि अमानुष कृत्यांकडे होता, पण सतरा वर्षांच्या मुलीच्या दिवाळी पहाटेलाही ते आठही चपखल बसतात.

उदात्त कारण: ‘आत्ता सांगितलं तर त्याचं नीटचं वर्ष वाया जाईल, परीक्षेनंतर सांगेन.’ हे सर्वांत धोकादायक, कारण यात थोडं खरंही आहे. सौम्य शब्द: ‘तसं काही नाहीये, आमचं जस्ट व्हाइब जुळतं.’ सोयीची तुलना: ‘ती तर तिघांशी एकाच वेळी बोलते.’ जबाबदारी दुसऱ्यावर: ‘हात त्याने धरला.’ जबाबदारी सगळ्यांत वाटून: ‘क्लासमध्ये सगळ्यांचंच असं चालू असतं.’ परिणाम झाकणं: ‘त्याला कळलंच नाही तर दुखेल कसं?’ समोरच्याचं माणूसपण काढून घेणं: ‘तो काय, एमसीक्यू सोडवायचं मशीन झालाय.’ आणि ज्याचं नुकसान झालं त्यालाच दोष: ‘त्याला माझ्यासाठी वेळ असता तर हे झालंच नसतं.’

ही सगळी वाक्यं ऋतुजाच्या तोंडी यायलाच हवीत. ती नसतील तर पात्र खोटं वाटेल, कारण खरी माणसं अशीच बोलतात. गोम पुढे आहे. ऋतुजा म्हणते, ‘तो फोनच करत नाही,’ आणि आपल्याला पानावर दिसतं की तो दर रविवारी करतो, तीच उचलत नाही. ही पात्राची सबब. तिच्या आरपार वाचक पाहू शकतो, तिला ओळखतो, तरीही तिच्याबद्दल हळहळतो. पण लेखकानेच ओंकारला एकही फोन करू दिला नाही, रविवारीही नाही, आणि त्याचं काही कारणही दिलं नाही, तर ती लेखकाची सबब झाली. आता आरपार बघायला काही उरलंच नाही. बगल पात्राने दिलेली नाही, पुस्तकाने दिली आहे.

लेखकाच्या सबबींची ओळख परेड फार मोठी नाही, त्याच त्या फिरून येतात. सर्वांत लाडकी म्हणजे उशिरा सापडलेलं खलत्व: बाविसाव्या प्रकरणात अचानक कळतं की ओंकारचंही लातूरला कोणीतरी होतं. हिशेब बरोबर, सगळे मोकळे. दोन-तृतीयांश पुस्तकात ज्याची चाहूल नव्हती ती माहिती शेवटी आली, तर ती नायिकेला सोडवायला आणली आहे असं खुशाल समजावं. दुसरी, तो अचानक शिवीगाळ करणारा निघतो. इथे वेगळंच नुकसान होतं: जोडीदाराकडून होणारा छळ हा गंभीर विषय केवळ नायिकेची सुटका म्हणून वापरला जातो. छळ दाखवायचा तर तो पहिल्यापासून असावा, आणि मग गोष्ट प्रतारणेची राहत नाही, सुटण्याची होते. तिसरी, तो निघून जातो किंवा मरतो, आणि कबुली द्यायची वेळच येत नाही.

अनुपस्थिती हे या सबबींमधलं सर्वांत सभ्य दिसणारं साधन. स्टेफनी पर्किन्स यांच्या २०१० सालच्या ‘ॲना अँड द फ्रेंच किस’ या गाजलेल्या कादंबरीत, पॅरिसच्या निवासी शाळेतला नायक आधीच्या मैत्रिणीशी संबंध न तोडताच ॲनाकडे झुकत जातो. एकटं पडण्याची भीती आणि आईचा कर्करोग अशी त्याची कारणं पुस्तक नीट मांडतं. ती खरी वाटतात. पण ती आधीची मैत्रीण फार थोड्या पानांवर दिसते. वाचकांमध्ये या पुस्तकावरून जे मतभेद होतात, त्यांचं मूळ बरंचसं या असमतोलात आहे. नायकाला समजून घेण्याइतका ऐवज आहे, तिला समजून घेण्याइतका नाही.

एकच प्रसंग, दोन तऱ्हा

दिवाळी पहाट. आधी एक तऱ्हा:

‘गर्दीत ढकललं गेलं आणि हात हातात आला. कोणी आधी धरला ते कळलंच नाही. ढोलांच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. सोडायचा राहून गेला.’

आता दुसरी:

‘गडकरीच्या कोपऱ्यावर गर्दी विरळ झाली. आता हात धरायचं काही कारण उरलं नव्हतं. मी धरून ठेवला. पर्समध्ये फोन थरथरला. रविवार होता. मी डाव्या हाताने तो सायलेंटवर टाकला, कारण उजवा सोडायचा नव्हता.’

पहिलीत कर्ताच नाही. ढकललं गेलं, आला, कळलं नाही, राहून गेला. मराठी वाक्यरचना ही सोय फार सहज देते, आणि सतरा वर्षांच्या मुलीने ती घ्यावी यात नवल नाही. पण अख्खं पुस्तक असं लिहिलं तर ऋतुजा निरपराध होते आणि त्याबरोबरच कंटाळवाणीही होते, कारण ती काही करतच नाही. दुसऱ्या तऱ्हेत ती तीन गोष्टी ठरवून करते. तिथे ती जास्त दोषी आहे आणि जास्त जवळचीही वाटते. उजवा हात न सोडण्याची तिची ओढ आपल्याला कळते, आणि फोन कोणाचा आहे हेही कळतं. हे सगळं पाच-सहा लहान वाक्यांत होतं, स्वगत लागत नाही.

ओघात एक स्थानिक सूचना. ऐरोलीहून ठाणं, मध्ये दिघा गाव धरून, दुसरंच स्टेशन आहे. कबुलीजबाबाचं सात पानांचं संभाषण त्या प्रवासात बसत नाही. फार बोलायचं असेल तर दोघांना पनवेल गाडीत बसवा, नाहीतर कबुली अर्धवट तुटू द्या. तुटलेली बहुतेक वेळा जास्त चांगली निघते.

ओंकारची पानं

बाकी काही तपासायला वेळ नसला तरी एवढं तपासावं. पुस्तकातली, किंवा स्वतःच्या हस्तलिखितातली, फसवणूक उघडी पडल्यानंतरची पानं घ्या. ओंकार किती पानांवर प्रत्यक्ष आहे? त्याची स्वतःची वाक्यं किती? तो ऋतुजाला सोयीचं नसलेलं काही बोलतो का? तो रडतो, ओरडतो, की लेखकाने त्याला समजूतदारपणे ‘तू खूश राहा’ म्हणायला लावून दारातून घालवून दिलं आहे? हे शेवटचं फार आढळतं. सतरा वर्षांचा मुलगा, लातूरहून रात्रभर बसने आलेला, आणि तीन ओळींत क्षमा करून मोकळा. हा माणूस नाही, नायिकेला मिळालेलं ना हरकत प्रमाणपत्र आहे.

साठ हजार शब्दांच्या पुस्तकात उघड झाल्यानंतर निदान सहा हजार शब्द उरायला हवेत, आणि त्यात ओंकार समोर असलेला एक पूर्ण प्रसंग, हजार-बाराशे शब्दांचा. गौप्यस्फोट अगदी शेवटच्या प्रकरणात ठेवला की परिणाम दाखवायला जागाच राहत नाही. वाचकाच्या हाती रहस्य फुटल्याची मजा लागते, आणि ज्याचं त्यात नुकसान झालं तो पुठ्ठ्याबाहेर राहतो.

परिणाम म्हणजे शिक्षा नव्हे. ऋतुजा बारावीत नापास झाली, तन्मयनेही तिला फसवलं, असा हिशेब चुकता करणारा शेवट किशोर वाचक पहिल्या झटक्यात ओळखतात आणि पुस्तक मिटतात. परिणाम म्हणजे बारीक, न भरून येणारं काहीतरी. दोघांची सामायिक मैत्रीण आता कोणाच्या वाढदिवसाला जाणार? ओंकारच्या आईने दर दिवाळीला ऋतुजाकडे डबा पाठवायचा, तो या वर्षी येईल का? जीवशास्त्राच्या नोट्स त्याच्या अक्षरात आहेत, त्या परत द्यायच्या की झेरॉक्स काढून? अशा एका तपशिलाने जे होतं ते पश्चात्तापाच्या चार परिच्छेदांनी होत नाही.

तिसऱ्या व्यक्तीच्या गोष्टीतही हीच कसोटी, फक्त उलट्या बाजूने. तिथे नायिकेला ‘ती दुसरी’ भेटायला हवी, प्रत्यक्ष, एकदा तरी. इन्स्टाग्रामवरचे फोटो चाळून काढलेला निष्कर्ष भेटीत धरू नये.

घरातलं लफडं

आई किंवा बाबांचं प्रकरण मुलाच्या नजरेतून लिहिताना सहानुभूती दोन दिशांना ताणली जाते. मोठ्या माणसाला एकटेपणा असू शकतो, लग्न आतून संपलेलं असू शकतं, आणि सोळा वर्षांच्या मुलाला हे उमजणं हाच त्याच्या मोठं होण्याचा एक टप्पा असू शकतो. चांगल्या किशोर-कादंबरीचा तो खरा विषय आहे. कोपरखैरणेच्या वन बीएचकेमध्ये, जिथे बाबांचा फोन आणि मुलाचं वहीचं टेबल यांत चार फुटांचं अंतर आहे, तिथे एक नोटिफिकेशन पुरतं.

बिघडतं ते पुढच्या पायरीवर. बाबा मुलाला म्हणतात, ‘आईला काही बोलू नकोस, तू आता मोठा झालास.’ आणि लेखक याकडे बापलेकांतली जवळीक म्हणून पाहतो. ती जवळीक नाही. मोठ्या माणसाने स्वतःचं ओझं मुलाच्या पाठीवर टाकलं आहे, आणि आता घरात रोज खोटं बोलायचं काम मुलाकडे आलं आहे. बाबांबद्दल कितीही कणव दाखवा, पण हा प्रसंग पुस्तकाने चूक म्हणूनच ओळखायला हवा. मुलाच्या अंगावर ते दिसू द्यावं: त्याला आईच्या समोर जेवता येत नाही, तो क्लास संपल्यावर उगाच वाशीपर्यंत जाऊन परत येतो, धाकट्या बहिणीवर विनाकारण खेकसतो.

दुसरी ठेच कायद्याची. अजूनही गोष्टींत एखादे काका ‘पोलिसांत देऊ, आत जाईल’ म्हणतात. भारतीय दंड संहितेचं व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते पुन्हा आलेलं नाही. त्या जुन्या कलमातही शिक्षा फक्त पुरुषाला होती आणि तक्रारीचा हक्क पत्नीला नव्हता, त्यामुळे २०१८ आधीची गोष्ट असली तरी आई पोलिसांत जाऊन बाबांना आत टाकते हे जमत नाही. घटस्फोटाचं कारण म्हणून मात्र व्यभिचार हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये आजही आहे. काकांना काही म्हणायचंच असेल तर वकिलाकडे जाऊ म्हणू द्या.

मुलांच्या स्वतःच्या प्रेमकथेत कायदा वेगळ्या बाजूने येतो. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ नुसार अठराच्या आतली व्यक्ती बालक आहे आणि लैंगिक संबंधांत तिची संमती धरली जात नाही. ऑनलाइन किंवा ई-बुक म्हणून लिहिणाऱ्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब वाचून घ्यावं, मुलांचं अश्लील चित्रण करणारा मजकूरही त्यात येतो. साहित्यासाठी अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर प्रसंग रचू नये. तशी गरजही नसते. या वयाच्या गोष्टीत दगा लपवलेल्या फोनमध्ये, दुसऱ्याला सांगितलेल्या पहिल्या गुपितात जास्त असतो.

‘हे आपल्याकडचं नाही’ याबद्दल

असा आक्षेप येतोच. ज्युडी ब्लूम यांच्या १९७५ च्या ‘फॉरएव्हर’मध्ये नायिकेला मित्रापासून दूर असताना दुसरा मुलगा आवडू लागतो. ते पुस्तक ग्रंथालयातून काढा अशा मागण्या अमेरिकेत वर्षानुवर्षं झाल्या, मुख्यतः त्यातल्या लैंगिक वर्णनांमुळे. त्यामुळे ही सगळी बाहेरून आलेली हवा, असं वाटू शकतं. पण सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्याच भाषेच्या पूर्वजात. गोदाकाठच्या त्या दोन-दोन ओळींच्या गाथांत नवरा प्रवासाला गेलेल्या बायका आहेत, संकेतस्थळी निघालेल्या आहेत, सासूची नजर चुकवणाऱ्या आहेत, आणि कवी त्यांना पायरीवर उभं करून जाब विचारत नाही. गवळणी आणि लावण्यांकडे तर वळायलाच नको. चोरट्या प्रेमाकडे कणवेने पाहणं आपल्याला नवं नाही. नवं काही असेल तर ते सोळा वर्षांच्या वाचकाला समोर धरून, फसलेल्याच्या बाजूसकट लिहिणं. मराठीत बालसाहित्याच्या कपाटानंतर मूल थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांकडे जातं. मधलं कपाट फार तोकडं आहे, आणि ते भरायला हस्तलिखितं हवी आहेत.

वयाचा फरक मात्र खरा आहे. बारा-तेराचा वाचक नायिकेकडे नमुना म्हणून पाहतो, ती करते ते बरोबर असं धरून चालतो. त्याच्यासाठी निवेदकाने न बोललेला न्याय बरेचदा हुकतो. त्याला घरातल्या प्रकरणाची गोष्ट चालते, पण तिथे कोणीतरी एक मोठं माणूस स्पष्ट बोलणारं हवं: मावशी, शिक्षक, कोणीही. पंधरानंतर असं माणूस नसलं तरी भागतं. सतराव्या वर्षी तर ते असलं की चिडचिड होते.

वाचनगटात घ्यायचं झालं तर

शाळेच्या ग्रंथालयात किंवा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आठ-दहा मुलांचा गट पुरे, बाराच्या वर नको. वय पंधरापासून. वेळ दीड तास. पूर्ण पुस्तक घेऊ नये, एकच प्रकरण घ्यावं, सात-आठ पानांचं, झेरॉक्स करून, आणि ते खोटं बोलण्याचं प्रकरण असावं. उघड होण्याच्या प्रकरणात भावना इतक्या तापतात की कोणी ओळींकडे पाहत नाही.

पहिली वीस मिनिटं मोठ्याने वाचन, मध्ये चर्चा नाही. मग प्रत्येकाला तीन रंगांच्या पेन्सिली. फसवणारं पात्र जे स्वतः निवडून करतं त्याखाली लाल. ‘होऊन गेलं’ थाटाच्या ओळींखाली पिवळा. आणि फसलेल्या माणसाला प्रत्यक्ष काही करायला, बोलायला मिळतं तिथे निळा. पंधरा मिनिटं पुरतात. नंतर पानं शेजारी-शेजारी लावली की पुस्तकाची वृत्ती दिसते. नुसतं पिवळंच पान असेल तर पुस्तक हात झटकतंय. लाल भरपूर आणि निळं शून्य असेल तर विचारावं, ‘हा माणूस या वेळी कुठे आहे, काय करतोय?’ शेवटच्या अर्ध्या तासात मुलांनी तोच प्रसंग फसलेल्याच्या बाजूने लिहावा, दीडशे शब्दांत. दीडशेच, कारण मोकळीक दिली की सगळे सूडकथा लिहितात.

काय बिघडतं? पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी ‘ती कशी मुलगी आहे’ या वळणावर जातं, आणि तीच कृती मुलाने केली असती तर वापरले नसते असे शब्द येतात. तिथे वाद घालत बसू नये. त्याच पानावरची नावं बदलून, ऋतुजाच्या जागी ऋषिकेश घालून, पुन्हा वाचायला लावावं. दुसरा बिघाड शिक्षकांकडून होतो: ते शेवटी बोध सांगतात. तो सांगितला की पुढच्या वेळी मुलं बोधच लिहून आणतात.

तिसरा नाजूक. मुलं ओळखीच्यांच्या गोष्टी सांगू लागतात, कधी स्वतःच्या घरातल्या. सुरुवातीलाच नियम सांगावा की इथे फक्त पानावरच्या माणसांबद्दल बोलायचं. तरीही एखादं मूल सत्र संपल्यावर रेंगाळलं, तर ऐकून घ्यावं, इतरांसमोर नाही, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण मूल धोक्यात असेल तर ते पाळता येत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आणि लहान मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, दोन्ही आधीच झेरॉक्सच्या मागच्या बाजूला छापून ठेवावेत, सगळ्यांच्याच, म्हणजे कोणा एकाला वेगळं काढून द्यावे लागत नाहीत. रंगवलेली पानं मुलांना घरी नेऊ द्यावीत. फक्त समासात कोणी खरं नाव लिहिलं असेल तर ते खोडायला लावूनच पान बाहेर जाऊ द्यावं.